नागरी हवेची तुलना

नागरी हवेची तुलना : दोन वा अधिक शहरांच्या हवेतील प्रदूषकांचे प्रमाण, त्यात ऋतुमानानुसार होणारे बदल आणि त्या हवेचे रहिवाशांच्या प्रकृतीवर होणारे परिणाम यांचा तौलनिक विचार. नगररचना, शासकीय नियोजन व वैद्यकीय संशोधन यांसाठी अशी तुलना केली जाते. तथापि नोकरीतील बदली, मुलांचे शिक्षण किंवा निवृत्तीनंतरचे वास्तव्य यांनिमित्ताने दुसऱ्या शहरी जाऊ पाहणाऱ्या कुटुंबालाही तिची गरज भासते. घरात दम्याचा वा हृद्रोगाचा रोगी, लहान मूल किंवा गर्भवती स्त्री असल्यास ही गरज अधिक निकडीची होते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या दुसऱ्या दृष्टीने विवेचन केले आहे. प्रदूषकांचे उगम व त्यांचे नियंत्रण यांची माहिती अन्यत्र दिली आहे [⟶ हवा प्रदूषण].

प्रकृतीसाठी जागा बदलण्याची कल्पना जुनी आहे. ‘हवापालट’ हा मराठी शब्दच तिची साक्ष देतो. क्षयावर गुणकारी औषधे उपलब्ध होण्यापूर्वी पाचगणी, मिरज इ. ठिकाणी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामे निघाली. त्या काळी हवेची पारख तिचा थंडावा, कोरडेपणा आणि रोग्याला वाटणारी हुशारी यांवरून होई. शहरातील धूर हा वेगळा प्रश्न मानला जाई. दगडी कोळशाच्या धुरास आळा घालण्यासाठी बंगालमध्ये १९०५ साली व मुंबईत १९१२ साली कायदे झाले. लंडन येथे ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात दाट धुरक्याने सु. ४,००० माणसे दगावल्याचा प्रारंभीचा अंदाज होता. नंतरच्या संशोधनात ही संख्या सु. १२,००० पर्यंत सांगितली गेली. या घटनेनंतर ब्रिटनमध्ये १९५६ चा स्वच्छ हवा अधिनियम झाला. अशा अल्पकालीन आपत्तींमुळे विषारी हवेचे स्वरूप लोकांच्या ध्यानी आले. परंतु नेहमीच्या, डोळ्यांना विशेष न जाणवणाऱ्या प्रदूषणाने दोन शहरांतील माणसांच्या आयुर्मानात फरक पडतो किंवा काय, हा प्रश्न त्यांतून सुटला नाही.

त्याचे उत्तर प्रत्यक्ष शहरांची तुलना करूनच मिळाले. हार्व्हर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतील सहा शहरांतील ८,१११ प्रौढांवर १४ ते १६ वर्षे लक्ष ठेवले व आपले निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. धूम्रपान, वय, शिक्षण इ. गोष्टींचा प्रभाव वजा केल्यावरही सर्वांत प्रदूषित अशा स्ट्युबनव्हिल (ओहायओ) येथील मृत्युमान सर्वांत स्वच्छ अशा पोर्टेजच्या (विस्कॉन्सिन) मानाने २६ टक्क्यांनी अधिक आढळले. या फरकाचा सर्वांत निकटचा संबंध हवेतील अतिसूक्ष्म कणांशी होता. आज भारतीय वाचकाला विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे, त्या ‘सर्वांत प्रदूषित’ शहरातील या कणांची सरासरी दर घनमीटरला सु. ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे भारतातील आजच्या वार्षिक मानकापेक्षाही कमी होती.

तुलनेचे परिमाण : शहराच्या हवेत अनेक प्रदूषके असली, तरी दीर्घकालीन वास्तव्याच्या दृष्टीने तुलना करताना २·५ मायक्रोमीटर वा त्याहून कमी व्यासाच्या कणांची (पीएम २·५) वार्षिक सरासरी संहती हे सर्वांत भरवशाचे परिमाण होय. हे कण नाकातील व घशातील अडसर ओलांडून फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांपैकी अतिबारीक कण रक्तातही शिरू शकतात. श्वसनविकारांबरोबरच हृदयविकार, पक्षाघात व फुप्फुसाचा कर्करोग यांच्याशी त्यांचा संबंध प्रस्थापित झाला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये बाह्य हवेचे प्रदूषण व त्यातील कणद्रव्य यांचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात केला. १० मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांत (पीएम १०) रस्त्यावरील व बांधकामाची धूळ, वाळवंटी माती, समुद्रकाठी मिठाचे कण अशा जाड्याभरड्या द्रव्याचा वाटा मोठा असतो. ते निरुपद्रवी नव्हेत. परंतु ज्वलनातून निघालेल्या सूक्ष्म कणांइतके ते खोल जात नाहीत.

भारतात २००९ मध्ये अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २·५ ची वार्षिक सरासरी ४० व चोवीस तासांची ६० मायक्रोग्रॅम/घ.मी. यांपेक्षा अधिक असू नये. पीएम १० साठी हे आकडे अनुक्रमे ६० व १०० आहेत (यापुढील संहती याच एककात दिल्या आहेत). जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २·५ ची मार्गदर्शक वार्षिक मर्यादा १० वरून ५ वर आणली आणि ज्या देशांना ती तत्काळ गाठणे शक्य नाही त्यांच्यासाठी ३५, २५, १५ व १० असे मधले टप्पे सांगितले. एखादे शहर ‘मानकात बसते’ असे वाचल्यावर ते कोणाच्या मानकात बसते, हे पाहिल्यावाचून त्या विधानाला फारसा अर्थ राहत नाही.

निर्देशांक व त्याच्या मर्यादा : सर्वसामान्य माणसाच्या पाहण्यात येतो तो हवा-गुणवत्ता निर्देशांक. भारताचा राष्ट्रीय निर्देशांक एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात पीएम १०, पीएम २·५, नायट्रोजन डाय-ऑक्साइड, सल्फर डाय-ऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया व शिसे ही आठ प्रदूषके विचारात घेतात. किमान तीन प्रदूषकांची मापने उपलब्ध असावी लागतात व त्यांपैकी एक कणद्रव्याचे असावे लागते. प्रत्येक प्रदूषकाच्या संहतीवरून एक उपनिर्देशांक काढतात. त्यांतील सर्वांत मोठा तोच त्या दिवसाचा निर्देशांक होय. ० ते ५० चांगली, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम, २०१ ते ३०० वाईट, ३०१ ते ४०० अतिशय वाईट व ४०१ ते ५०० तीव्र, अशा त्याच्या सहा श्रेणी आहेत.

आज मुलांना मैदानावर पाठवावे की नाही, हे सांगण्यासाठी हा निर्देशांक उत्तम आहे. शहरे तोलण्यासाठी मात्र तो बेताचाच उपयोगी पडतो. याची कारणे त्याच्या रचनेतच आहेत. पहिली अडचण अशी की, समान आकड्यामागे भिन्न प्रदूषक असू शकते. पीएम १० ची संहती सु. १७५ असली तरी निर्देशांक १५० येतो आणि पीएम २·५ ची ७५ असली तरीही १५० येतो. राजस्थानातील धुळीच्या शहराचा मे महिन्यातील आकडा आणि उत्तर प्रदेशातील धुराच्या शहराचा डिसेंबरातील आकडा एकच असला, तरी फुप्फुसाच्या दृष्टीने त्या दोन हवा एक नव्हेत.

दुसरी अडचण मोजपट्टीच्या असमान विभागणीची आहे. पीएम २·५ ची संहती ९० वरून १२० वर गेली की, निर्देशांक २०० वरून ३०० होतो. म्हणजे ३० मायक्रोग्रॅमला १०० अंक. पुढील १०० अंकांसाठी मात्र संहती १२० वरून २५० व्हावी लागते. त्यामुळे निर्देशांकांची सरासरी काढणे चुकीचे ठरते. समजा, एका शहरात वर्षभर रोज संहती ६० आहे. त्याचा निर्देशांक नेहमीच १०० राहील. दुसऱ्या शहरात निम्मे दिवस २० व निम्मे दिवस १०० अशी संहती आहे. तेथे निर्देशांक निम्मे दिवस सु. ३३ व निम्मे दिवस सु. २३२ येऊन त्यांची सरासरी १३२ भरेल. दोन्ही शहरांतील रहिवाशाने वर्षभरात हुंगलेले कणद्रव्य सारखेच असताना कागदोपत्री दुसरे शहर सुमारे एक-तृतीयांशाने वाईट ठरते. वृत्तपत्रांत येणाऱ्या ‘सरासरी निर्देशांका’च्या तक्त्यांत हा दोष वारंवार आढळतो.

तिसरी अडचण देशोदेशीच्या मोजपट्ट्यांची. पीएम २·५ ची चोवीस तासांची संहती ६० असता भारतीय निर्देशांक १०० येतो व हवा ‘समाधानकारक’ ठरते. अमेरिकी पद्धतीने तीच संहती १५० च्या थोडे वर जाते व ‘आरोग्यास अपायकारक’ म्हणून नोंदली जाते. भ्रमणध्वनीवरील अनेक खाजगी सेवा अमेरिकी मोजपट्टी वापरतात, शासकीय सेवा भारतीय. पुण्याचा आकडा एकीतून व दुबईचा वा सिंगापूरचा आकडा दुसरीतून घेऊन परदेशी जाण्याचा बेत ठरविणे म्हणजे एक अंतर मैलांत व दुसरे किलोमीटरांत मोजण्यासारखे आहे. शिवाय भारतीय निर्देशांक ५०० वर थांबतो. त्यापलीकडील हवा किती वाईट आहे, हे त्यावरून कळत नाही. या सर्व कारणांसाठी तुलना करताना निर्देशांक बाजूस ठेवून मूळ संहतीचे, म्हणजे मायक्रोग्रॅममधील आकडे पाहणे इष्ट असते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सतत मापन करणाऱ्या केंद्रांचे असे आकडे सर्वांना उपलब्ध आहेत.

ऋतू व भूरचना : एकाच शहराची हवा जुलैत व डिसेंबरात इतकी भिन्न असते की, तिला एकच विशेषण लावणे कठीण जाते. पावसाने कण धुऊन निघतात व मोसमी वारे उरलेले वाहून नेतात. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते व तिच्यालगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली कोंडली जाते. यास तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात. ज्या थरात धूर मिसळून विरळ व्हावयाचा, त्याची उंची त्यामुळे फार कमी होते आणि उगमस्थाने तीच असूनही संहती कित्येक पटींनी वाढते. दिल्लीत जुलै ते सप्टेंबर या काळात पीएम २·५ ची मासिक सरासरी साधारणतः ३० ते ५० असते, तर नोव्हेंबर ते जानेवारीत ती १५० ते २५० च्या दरम्यान जाते. वार्षिक सरासरी १०० च्या आसपास राहते. गंगेच्या मैदानाचा बशीसारखा सखलपणा, मंद वारे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंजाब व हरियाणात जाळले जाणारे भाताचे खुंट, थंडीत शेकोटीसाठी जाळले जाणारे सरपण व कचरा आणि शहराची स्वतःची वाहने व कारखाने, ही सर्व तेथे एकत्र येतात. परिणामी दिल्ली सोडून लखनौ वा पाटणा येथे जाणारा माणूस त्याच हवेच्या दुसऱ्या टोकास जातो.

महाराष्ट्रात बदल्या बहुधा उन्हाळ्यात होतात व शाळा जूनमध्ये भरतात. त्यामुळे नव्या शहराशी कुटुंबाची पहिली ओळख पावसाळ्यात होते. घर पाहावयास जाणारा माणूसही बहुधा मे ते ऑगस्ट या काळातच जातो. या महिन्यांतील हवेवरून काढलेला निष्कर्ष दिवाळीनंतर टिकत नाही. म्हणून वार्षिक सरासरीबरोबर सर्वांत वाईट दोन महिन्यांची सरासरीही पाहावी लागते. दम्याच्या रोग्याच्या दृष्टीने तर दुसरा आकडाच अधिक बोलका असतो, कारण त्याचे रुग्णालयात जाणे या महिन्यांवर अवलंबून असते.

मुंबईला समुद्राचे संरक्षण आहे, ही समजूत अर्धीच खरी आहे. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे शहराची हवा धुऊन काढतात. रात्री जमिनीवरून वाहणारे मतलई वारे तीच हवा परत समुद्राकडे नेतात आणि हिवाळ्यात हे दोन्ही वारे मंदावले की, प्रदूषित हवा किनाऱ्यावरच मागेपुढे हेलकावत राहते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात वारे दीर्घकाळ मंद राहिल्याने काही दिवशी मुंबईचा निर्देशांक दिल्लीच्याही वर गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्थिती पुन्हा बिघडल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने तिची स्वतःहून दखल घेतली व महानगरपालिकेने बांधकामांच्या धुळीविषयी नियम जारी केले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. तथापि ‘मुंबई दिल्लीहून वाईट’ हा मथळा काही दिवसांपुरताच खरा होता. वर्षाचा हिशेब मांडता मुंबईची सरासरी दिल्लीच्या निम्म्याहून कमी भरते. एखाद्या आठवड्यावरून शहराची पारख करू नये, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पुण्याची हवा थंड म्हणून स्वच्छ मानण्याची परंपरा आहे. टेकड्यांनी वेढलेल्या या शहरात हिवाळ्यातील व्युत्क्रमण चांगलेच जाणवते आणि वाहनांची, विशेषतः दुचाकींची संख्या प्रचंड आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सात ते दहाच्या सुमारास, म्हणजे गारवा सुखद वाटतो व लोक फिरावयास बाहेर पडतात नेमक्या त्या वेळी, कणांची संहती दिवसातील उच्चांकाच्या जवळ असते. ऊन चढल्यावर, हवा तितकीशी प्रसन्न वाटत नसताना, ती प्रत्यक्षात अधिक स्वच्छ होते. बंगळूर सु. ९०० मी. उंचीच्या पठारावर असून तेथे वारा बहुधा खेळता असतो. गंगेच्या मैदानासारखे प्रदूषित हवेचे मोठे क्षेत्र त्याच्याभोवती नाही. रस्त्यालगतचा वाहनांचा धूर हे तेथील मुख्य दुखणे. चेन्नईस समुद्री वाऱ्याचा लाभ होतो. पुणे, मुंबई, बंगळूर व चेन्नई या चार शहरांच्या वार्षिक सरासरी ढोबळमानाने ३० ते ५० या पट्ट्यात येतात. त्यांचा आपापसांतील क्रम वर्षागणिक बदलतो आणि त्यावर फारशी भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

लहान गाव म्हणजे स्वच्छ हवा, हाही समज तपासून घ्यावा लागतो. चंद्रपूर येथे कोळशाच्या खाणी व औष्णिक वीजकेंद्र असून २००९ च्या केंद्रीय पाहणीत त्याची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत झाली. गोव्यात वास्को-द-गामा येथील रहिवासी बंदरात चढउतार होणाऱ्या कोळशाच्या धुळीविषयी अनेक वर्षे तक्रार करीत आले आहेत. आसाम-मेघालय सीमेवरील बर्निहाट हे छोटेसे औद्योगिक गाव २०२४ च्या आकडेवारीनुसार एका खाजगी जागतिक यादीत प्रदूषणात पहिले आले.

शहरांतर्गत फरक : शहराची सरासरी ही कोणा एकाच्या दारातील हवा नसते. चेंबूर-माहूल परिसरात तेलशुद्धीकरण व खतांचे कारखाने आहेत, देवनार येथे कचऱ्याची जुनी क्षेपणभूमी आहे. कुलाबा किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानालगतच्या वस्तीची हवा त्यांच्या हवेशी जुळत नाही. पुण्यात पाषाण आणि हडपसर किंवा भोसरी यांत असाच फरक पडतो. नागपुरात कोराडी व खापरखेडा येथील वीजकेंद्रे शहराच्या उत्तरेस असल्याने वाऱ्याच्या दिशेला महत्त्व येते. पुणे येथील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ ही सेवा दिल्लीत २०१०, पुण्यात २०१३, मुंबईत २०१५ व अहमदाबादेत २०१७ मध्ये सुरू झाली. तिने पेठांपेठांतील अशी भिन्नता प्रथमच लोकांसमोर आणली.

सर्वांत तीव्र फरक हमरस्त्याच्या आसपास आढळतो. वाहनांच्या धुरातील ताजे कण व नायट्रोजन डाय-ऑक्साइड यांची संहती रस्त्यापासून पहिल्या ३०० ते ५०० मी. मध्ये झपाट्याने उतरते. दक्षिण कॅलिफोर्नियातील दीर्घ पाहणीत (२००७) महामार्गापासून ५०० मी. च्या आत वाढणाऱ्या मुलांची फुप्फुसे दीड किमी. पलीकडील मुलांच्या तुलनेत कमी विकसित झाल्याचे दिसून आले. यावरून असे म्हणता येते की, पुणे की बंगळूर या निवडीपेक्षा मुख्य रस्त्यावरील सदनिका की आतल्या गल्लीतील, ही निवड कित्येकदा अधिक परिणामकारक ठरते. मुलांची शाळा कोठे आहे आणि रोजच्या प्रवासात किती तास जातात, यांचाही हिशेब त्यातच धरावा लागतो. शेवटी शरीरात जाणारी मात्रा ही संहती, काळ व श्वासाचा वेग यांच्यावर ठरते. शेजारी सुरू असलेले मोठे बांधकाम, तयार काँक्रीट पुरविणारा कारखाना, कचरा जाळण्याची जागा, लाकडावर चालणारी बेकरी या गोष्टी कोणत्याही तक्त्यात सापडत नाहीत; त्या संध्याकाळी व पहाटे वस्तीत हिंडूनच कळतात.

आकडेवारीची विश्वासार्हता : दिल्लीत सतत मापन करणारी सु. ४० केंद्रे आहेत. अनेक मध्यम शहरांत एखादेच. एका केंद्राचा आकडा म्हणजे त्या चौकाचा वा त्या उद्यानाचा आकडा. केंद्रांची संख्या व जागा मधल्या काळात बदलल्या असल्यास शहराची हवा सुधारली की केंद्र हलविले, हे ओळखणे कठीण जाते. राष्ट्रीय मापन कार्यक्रमातील हस्तचालित केंद्रांवर आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाकाठी १०४ दिवस मापन अपेक्षित असते. प्रत्यक्षात त्यांपैकी किती दिवसांची नोंद आहे आणि वगळलेले दिवस हिवाळ्यातील आहेत काय, हे पाहणे आवश्यक असते. अलीकडे घरोघरी आलेली प्रकाशीय संवेदके स्वस्त आहेत. परंतु दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात व ही उपकरणे वस्तुस्थितीहून अधिक आकडा दाखवितात. कोकणपट्टीत हा दोष विशेष जाणवतो. उपग्रहांवरून काढलेले अंदाज केंद्र नसलेल्या गावासाठी उपयुक्त असतात, पण ढगाळ महिन्यांत ते तोकडे पडतात.

वर्षावर्षांतील हवामानाचे चढउतार लक्षात घेता निदान तीन वर्षांची सरासरी घ्यावी. २०२० हे वर्ष टाळेबंदीमुळे अपवादात्मक असल्याने ते वगळणे योग्य. दोन शहरांच्या अशा सरासरींत पाचसहा मायक्रोग्रॅमचा फरक असेल, तर तो मापनातील अनिश्चिततेत बुडून जातो आणि त्यावर घर बदलण्याचा निर्णय उभारता येत नाही. फरक वीस-पंचवीसचा वा अधिक असेल, तर मात्र तो खरा समजावा.

प्रसिद्ध होणाऱ्या क्रमवाऱ्यांकडेही सावधपणे पाहावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या संकलनात सु. १,६०० शहरांत दिल्लीची स्थिती सर्वांत वाईट होती. २०१६ च्या संकलनात ती अकराव्या क्रमांकावर गेली. परंतु त्या दोन वर्षांत यादीतील शहरे सु. ३,००० झाली होती, आकडेवारीची वर्षे निरनिराळी होती आणि पुष्कळ शहरांचे पीएम २·५ प्रत्यक्ष न मोजता पीएम १० वरून गुणकाने काढलेले होते. भारत सरकारच्या ‘स्वच्छ वायु सर्वेक्षणा’चा हेतू वेगळाच आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांनी धूळ, कचरा, वाहने इत्यादींबाबत केलेल्या उपायांना त्यात मुख्यतः गुण दिले जातात. तीन ते दहा लाख वस्तीच्या गटात अमरावतीने २०२३ व २०२५ मध्ये पहिला क्रमांक मिळविला, हे त्या महानगरपालिकेस भूषणावह आहे. पण त्याचा अर्थ तेथील हवा त्या गटात सर्वांत स्वच्छ आहे, असा घेता येत नाही.

स्थलांतराचा प्रत्यक्ष परिणाम : जागा बदलल्याने प्रकृतीत खरोखर फरक पडतो काय, याचा सरळ पुरावा थोडाच आहे. त्यात दक्षिण कॅलिफोर्नियातील ११० मुलांचे अध्ययन (२००१) महत्त्वाचे आहे. ही मुले पाहणी चालू असतानाच कुटुंबासह अन्यत्र राहावयास गेली होती. कमी पीएम १० च्या जागी गेलेल्यांच्या फुप्फुसांच्या कार्यक्षमतेची वाढ सुधारली, अधिक पीएम १० च्या जागी गेलेल्यांची मंदावली. आणि नव्या जागी तीन वा अधिक वर्षे राहिलेल्यांत हा परिणाम अधिक स्पष्ट होता. फुप्फुसांची वाढ पौगंडावस्थेनंतर थांबत असल्याने लहान मुलांच्या बाबतीत स्थलांतराचा लाभ लवकर झाल्यास अधिक, असे म्हणता येते. प्रौढांसाठी, जगभरच्या अध्ययनांच्या एकत्रित विश्लेषणानुसार, पीएम २·५ च्या दीर्घकालीन संहतीत १० ची वाढ झाल्यास एकूण मृत्युमान सु. ८ टक्क्यांनी वाढते. ही अध्ययने बहुतांशी कमी प्रदूषित देशांतील असल्याने १०० च्या आसपासच्या हवेस तोच हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. उच्च पातळीवर प्रत्येक वाढीव मायक्रोग्रॅमचा परिणाम काहीसा कमी होत जातो, असे अनेक तज्ञ मानतात. याचा व्यवहारी अर्थ असा की, दिल्लीहून पुण्यास येणाऱ्याचा लाभ मोठा असला, तरी ४० वरून २० वर येणाऱ्याचाही लाभ नगण्य नसतो.

कणद्रव्य कमी असलेल्या शहरात ओझोन अधिक असू शकतो. तो थेट कोठून निघत नाही. नायट्रोजनाची ऑक्साइडे व बाष्पनशील कार्बनी द्रव्ये यांवर कडक ऊन पडून तो तयार होतो. वाहनांच्या ताज्या धुरातील नायट्रिक ऑक्साइडामुळे तो भरवस्तीत काही अंशी नष्ट होतो आणि वाऱ्याच्या दिशेने असलेल्या उपनगरांत व आसपासच्या टेकड्यांवर वाढतो. त्यामुळे गजबजाट टाळून शहराबाहेर घर घेणाऱ्या दमेकऱ्यास मार्च ते मे या महिन्यांतील दुपारी त्रास होण्याचा संभव असतो. परागकण, भिंतींवरची बुरशी व दमटपणा यांचा निर्देशांकात समावेश नसतो. कोकणात राहावयास गेलेल्या एखाद्या रोग्यास कण कमी असूनही बुरशीमुळे दम्याचा उपद्रव होतो. ज्यांना विशिष्ट गोष्टीचे वावडे आहे, त्यांनी शक्य असल्यास नव्या शहरात नोव्हेंबर ते जानेवारीतील दोनतीन आठवडे व पावसाळ्यातील तितकेच दिवस राहून पाहणे, हे कोणत्याही तक्त्यापेक्षा उपयुक्त ठरते. घरातील हवा बाहेरच्या हवेहून फार निराळी नसते. दारे-खिडक्या बंद ठेवून व गाळणयंत्र लावून एका खोलीतील कण पुष्कळ कमी करता येतात, परंतु उदबत्ती, मच्छर-अगरबत्ती व फोडणीचा धूर यांमुळे ते काही मिनिटांत पुन्हा वाढतात.